नागपूरला गेलेलं मत

मतदार ओळखपत्र घरीच ठेवा. आधार कार्डही. तुम्ही निघालात त्या काळात माणसाची ओळख एकाच प्रश्नावरून पटते: लगान किती भरता?

साल 1920, नोव्हेंबरचा शेवट. गाव बोरगाव, तालुका सौंसर, जिल्हा छिंदवाडा, मध्य प्रांत. उत्तरेला सिल्लेवानीचा घाट चढून गेलं की छिंदवाडा आणि थंड हवा. दक्षिणेला काळी जमीन सावनेरपर्यंत पसरलेली, आणि त्याच्या पुढे नागपूर. प्रांताची राजधानी तिथंच. कापसाची वेचणी जोरात आहे. बायकांच्या कमरेच्या ओट्या फुगल्यात, बांधावर गठ्ठे पडलेत. कुठून तरी लहान रुळांवरच्या गाडीची शिट्टी येते. नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी ही गाडी सुरू होऊन फार वर्षं झालेली नाहीत.

चावडीत पटवारी यादी घेऊन बसलाय. तुम्ही वाकून नाव शोधता. दाराशी बसलेला कोतवाल हसतो.

"तुमचं नाव कायले राहीन जी त्याच्यात? तुमी का मालगुजार हाये?"

त्याचं बरोबर आहे. 1919 च्या सुधारणांनी प्रांताला निवडलेलं विधिमंडळ दिलं, पण मत दिलं ते ठरावीक रकमेच्या वर महसूल किंवा लगान भरणाऱ्यांना. शंभर माणसांत एखाद-दुसरा. बोरगावात मालगुजार, त्याचा एखादा भाऊबंद, मोठं खातं असलेलं एखादं कूळ, की संपली यादी. बाईचं नाव नाहीच. मतदारसंघाचं सरकारी नावही कुणाला कळू नये असं, 'ग्रामीण, गैरमुसलमान' या धाटणीचं. शेजारच्या वऱ्हाडाची गंमत तर याहून मोठी. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, म्हणून तिथले सभासद लोकांनी निवडून द्यायचे आणि मग गव्हर्नरनं त्यांना 'नियुक्त' करायचं. कायदा शाबूत राहिला, मतही पडलं.

या खेपेला ज्यांची नावं यादीत आहेत त्यांच्यातही वाद आहे. सप्टेंबरात कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसनं असहकार मान्य केलाय, कौन्सिलांवर बहिष्कार. पुढच्या महिन्यात तीच काँग्रेस नागपुरात भरणार आहे. मत नसलेल्या तुम्हाला बहिष्कार घालण्याचीही सोय नाही. चला पुढे.

1924, मार्च. आता नागपूरला या, कौन्सिलातला तमाशा बघण्यासारखा आहे. गेल्या साली स्वराज पक्षानं निवडणूक लढवली आणि मध्य प्रांतात बहुमत मिळवलं. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दासांचा हा पक्ष आत शिरून गाडा अडवायचा या बोलीवर उभा राहिलेला. बाकी बऱ्याच प्रांतांत त्याला ते जमलं नाही, इथं जमलं. शिक्षण, अबकारी, स्थानिक कारभार अशी काही खाती देशी मंत्र्यांकडे आहेत. त्या मंत्र्यांवर अविश्वास आणून झाला. आता पगाराची मागणी आली, तर सभागृहानं मंत्र्यांना पगार मंजूर केला: साल दोन रुपये.

हा आकडा ऐकून बोरगावचा सालदार काय म्हणेल ते डोळ्यांसमोर आणा. तो गुढीपाडव्याला धन्याशी साल ठरवतो, पैशात नि धान्यात. मंत्री त्याच्यापेक्षा स्वस्त निघाले. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना ती खाती स्वतःकडे घ्यावी लागली. दीड वर्षानं, 1925 च्या ऑक्टोबरात, कौन्सिलचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनीच गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा घेतली आणि स्वराज पक्षात फूट पडली. अडवणुकीच्या राजकारणाला आतूनच वाट फुटते, हे आपल्याकडे तेव्हाच दिसून गेलं. 1927 मध्ये याच कौन्सिलनं बायकांवरची मताची बंदी उठवली. त्या ठरावाची बातमी बोरगावला पोचली असेल तर मालगुजाराच्या वाड्यापर्यंत. ज्या बाईच्या नावावर मालमत्ता नाही तिला त्यातून काहीच मिळत नव्हतं.

1937, फेब्रुवारी. चावडीच्या यादीवर पुन्हा वाका. या वेळी जाड यादी आहे. 1935 च्या कायद्यानं देशभरच्या प्रांतांत मिळून 3 कोटींहून जास्त मतदार झालेत. तुम्ही बऱ्यापैकी जमीन कसणारं कूळ आहात असं धरू, तर सापडलं नाव. आणि खाली पाहा, तुमच्या बायकोचंही आहे, तुमच्यामुळे. लगान भरणाऱ्याची बायको म्हणून तिला मत. तिला हे सांगितल्यावर ती काय म्हणाली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तुमचा सालदार अजून बाहेरच उभा आहे.

112 जागांच्या विधानसभेत काँग्रेसला 70 मिळाल्या. जुलैत नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्या पदाला पंतप्रधान म्हणत. आणि इथं तुमच्या तालुक्याच्या गोष्टीला पहिल्यांदा गाठ बसते. या एका प्रांतात काँग्रेसच्या तीन कमिट्या: वऱ्हाडची एक, नागपूरची एक, आणि हिंदी मुलखाची महाकोशल. छिंदवाडा जिल्हा महाकोशलात. घरात मराठी, बाजार नागपूरचा, पण पक्षाच्या हिशेबात तुम्ही हिंदीकडचे. एरवी याचा त्रास काही नव्हता. पण 1938 च्या जुलैत खऱ्यांनी राजीनामा दिला, महाकोशलच्या मंत्र्यांनी द्यायचं नाकारलं, गव्हर्नरनं त्यांना काढलं, खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ उभं केलं, वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं डोळे वटारले, आणि महिना संपायच्या आत खरे बाहेर, पंडित रविशंकर शुक्ल आत. मराठी पेठांत चीड, हिंदी पेठांत पेढे. त्या दिवशी बोरगावच्या पारावर कुणाच्या बाजूनं बोलायचं? भाषेनं खरे जवळचे, कमिटीनं शुक्ल. पुढे अठरा वर्षांनी नकाशावर जे झालं त्याची रेघ मला इथंच आखलेली दिसते, पक्षाच्या कागदावर.

युद्ध आलं, 1939 च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळं गेली, आणि मग 1946 पर्यंत मत विचारायला कुणी आलं नाही. 1946 ला आले तेव्हा शुक्लच परत मुख्यमंत्री झाले. इथं थांबण्यासारखं फार नाही.

1951 च्या अखेरीला मात्र उतरा, आणि निवांत उतरा. हा हिवाळा या तालुक्याच्या वाट्याला एकदाच आला.

प्रांताचं नाव बदललंय. मध्य प्रांत आणि वऱ्हाड आता मध्य प्रदेश. राजधानी तीच, नागपूर. राज्याच्या राजभाषा दोन, हिंदी आणि मराठी. आणि 31 मार्च 1951 ला, म्हणजे अजून वर्षही झालेलं नाही, मालगुजारी कायद्यानं संपली. वाडा आहे, गडी-माणसं आहेत, लोक अजून 'मालक' म्हणतात. पण गाव त्याच्या मालकीचं राहिलेलं नाही. तुम्ही शाळेच्या आवारात येता तेव्हा रांगेत तो उभा आहे, डोक्याला फेटा. त्याच्या पुढे दोन माणसं सोडून त्याचाच सालदार. सालदार मागे वळतो, काय करावं कळत नाही, आणि बाजूला सरकायला लागतो.

"मालक, तुमी व्हा पुढं."

शिपाई ओरडतो, जो जिथं आहे तिथंच राहा. सालदार पुन्हा आपल्या जागी येतो. मान खाली घालून.

बायकांची रांग वेगळी, आणि खरी पंचाईत तिथं. टेबलामागचा मास्तर विचारतो, नवऱ्याचं नाव? पुढची बाई पदराचं टोक दातात धरून उभी. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही लग्नकार्यात. इथं परक्या पुरुषापुढं, भर दिवसा? तिच्या कडेवरचं पोर मोठ्यानं बापाचं नाव सांगून टाकतं. रांगेत खसखस पिकते. हसण्यावारी न्यावं असं हे नव्हतं. देशाच्या काही राज्यांत बायकांनी यादी करणाऱ्याला स्वतःचंच नाव सांगितलं नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. अशा जवळपास 28 लाख नोंदी निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी यादीतून काढायला लावल्या. निर्दय वाटतं, पण माझ्या मते बरोबर केलं. पुढच्या खेपेला नावं आली.

तुमची पाळी. डाव्या हाताच्या तर्जनीला शाई. हातात कागद येतो, एक रुपयाच्या नोटेएवढा, नाशिकला छापलेला. त्यावर उमेदवाराचं नाव नाही, शिक्का मारायला जागा नाही. पडद्याआड जा. तिथं लोखंडी पेट्या ओळीनं मांडल्यात, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, प्रत्येकीवर एक चित्र चिकटवलेलं. काँग्रेसची बैलजोडी. समाजवाद्यांचं झाड. जनसंघाचा दिवा. कागद ज्या पेटीत पडेल त्याचं मत. लोकसभेसाठी एकदा, विधानसभेसाठी एकदा. अक्षर येत नसलेल्या माणसाला इतकं सोपं काही त्याआधी कुठल्या सरकारनं दिलं नव्हतं. काही पेट्यांमधून नंतर फुलं निघाली, नाणी निघाली, अर्ज निघाले. बैलजोडीपुढं हात जोडणारा शेतकरी मला वेडा वाटत नाही. घरी पोळ्याला तो तेच करतो.

सालदार पडद्याआडून बाहेर येतो. बोटाची शाई बघत.

"कोणाले देल्लं रे?" मालक विचारतो.

"सायबानं सांगितलं, सांगाचं नाही."

निकाल आला तो अपेक्षित होता. विधानसभेच्या 232 जागांपैकी 194 काँग्रेसला. छिंदवाड्यातून लोकसभेवर रायचंदभाई शाह. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहात शुक्ल मुख्यमंत्री, आणि तुमच्या तालुक्यानं निवडलेल्या माणसाला तिथं उठून मराठीत बोलायचा हक्क. हवं तर सकाळच्या गाडीनं जाऊन गॅलरीत बसता येईल, ओळखीच्याकडे जेवून रात्री मुक्काम करता येईल. नागपूर साठ-सत्तर किलोमीटर. हायकोर्टही तिथंच.

आता तारखा जुळवा म्हणजे कळेल मी इथं का रेंगाळलो. बोरगावच्या सालदारानं, त्याच्या बायकोनं, तुम्ही-आम्ही सगळ्यांनी मिळून नागपूरच्या विधानसभेसाठी मत दिलं ते या एका निवडणुकीत. त्याआधीच्या निवडणुकांत सभागृह नागपुरात होतं, पण मत मोजक्यांना होतं. त्यानंतरच्या निवडणुकांत मत सगळ्यांना होतं, पण सभागृह नागपुरात नव्हतं.

1956, 31 ऑक्टोबरची रात्र. दिवाळीचे दिवस. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फझल अली आयोगाचा अहवाल येऊन वर्ष उलटलंय. आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं, आठ जिल्ह्यांचं: बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा. वेगळं राज्य झालं नाही, पण ते आठ जिल्हे उद्या मुंबई राज्यात जातील. छिंदवाडा त्या आठांत नाही. आयोगाचं धोरण शक्यतो जिल्हा फोडायचा नाही असं. आणि जिल्हा म्हणून पाहिलं तर घाटावर हिंदी आणि गोंडी, मराठी फक्त घाटाखाली. तराजूत अख्खा जिल्हा टाकला, सौंसर आणि शेजारचं पांढुर्णा त्याच्या पारड्यात गेले. भांडायला जागा होती. पण भांडण करायचं तर पाठीशी पक्षाची कमिटी लागते, आणि ती अठरा वर्षांपूर्वीही महाकोशलचीच होती.

रात्री बारा वाजता तुम्ही जागे असाल तर काहीच दिसणार नाही. रस्त्यावर दगड रोवायला अजून कुणी आलेलं नाही. सकाळी सावनेर परराज्यात गेलेलं असेल. नवा मध्य प्रदेश तयार झालाय: महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ एकत्र. राजधानी भोपाळ, तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. हायकोर्ट जबलपूरला. शुक्लच मुख्यमंत्री, पण दोनच महिन्यांनी, 31 डिसेंबरला ते गेले. विधानसभा बसली भोपाळच्या मिंटो हॉलमध्ये, बेगमांच्या काळातल्या वास्तूत. नागपूरचं जुनं सभागृह रिकामं पडलं नाही. नागपूर करारामुळं आज तिथं दर हिवाळ्यात महाराष्ट्राचं अधिवेशन भरतं. आपल्या आजोबांनी निवडलेला माणूस ज्या दालनात बसला, तिथं आता दुसऱ्या राज्याचे आमदार बसतात.

1957 ला मतदान केंद्रावर जरा गोंधळ आहे. लोकसभेची जागा या वेळी दुहेरी आहे, एक सर्वसाधारण, एक आदिवासींसाठी राखीव. म्हणून तुमच्या हातात लोकसभेचे दोन कागद. दोन्ही एकाच पेटीत टाकायचे नाहीत, हे मास्तर प्रत्येकाला समजावतोय. निवडून आले भिकूलाल लक्ष्मीचंद चांडक आणि नारायणराव वाडिवा, दोघंही काँग्रेसचे. पुढच्या निवडणुकीपर्यंत दुहेरी जागा बंद झाल्या आणि एकाच कागदावर शिक्का मारायची पद्धत आली. पेट्यांवरची चित्रं कागदावर उतरली.

आता भरभर. 1977, मार्च. सगळे रेडिओला कान लावून बसलेत. मध्य प्रदेशात लोकसभेच्या 40 जागा, आणि काँग्रेस एकेक करून सगळ्या हरतेय. सगळ्या नाही: छिंदवाड्यातून गार्गीशंकर मिश्र निवडून आले. राज्यातली ती एकच. दिल्लीला त्या रात्री छिंदवाडा हे नाव पाठ झालं असणार, कारण 1980 ला इंदिरा गांधी स्वतः इथं आल्या आणि कमलनाथ नावाच्या तरुणाला माझा तिसरा मुलगा म्हणून लोकांच्या हवाली करून गेल्या. त्यापुढची चाळीस वर्षं छिंदवाड्याचं राजकारण एका घराभोवती फिरलं. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत 1991 ला रेमंडचा कारखाना आला, कैलासनगर वसलं, नागपूरहून कामाला येणाऱ्यांची वर्दळ वाढली. 1996 ला हवाला प्रकरणामुळं कमलनाथांना तिकीट नव्हतं, तर पत्नी अलका निवडून आल्या. त्यांनी राजीनामा दिला, 1997 ला पोटनिवडणूक झाली, आणि सुंदरलाल पटवांनी कमलनाथांना पाडलं. रिकामी करून घेतलेली जागा मतदारानं दुसऱ्यालाच दिली. वर्षभरात ती परतही दिली, हेही खरं.

2015 च्या अखेरीला लहान रुळांची गाडी थांबली, रूळ रुंद करायला. तिच्यातून मतदानाला कुणी गेलं असेल-नसेल, नागपूरला मात्र सगळे गेले होते.

2023, 24 ऑगस्ट. सौंसरजवळ जामसावळीला चला. निजलेल्या हनुमानाच्या देवळापाशी मांडव पडलाय, 'हनुमान लोक'चं भूमिपूजन आहे. मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान माइकवर येतात आणि पांढुर्णा जिल्हा होणार असं जाहीर करतात. टाळ्या पडतात त्या हिंदी भाषणाला, आणि मागच्या बाजूला लोक आपसांत मराठीत बोलतात: कलेक्टर कुठं बसंल, तहसील तोडतीन का, जमिनीचे भाव. 5 ऑक्टोबरला जिल्हा झाला. 9 ऑक्टोबरला निवडणुकीची आचारसंहिता लागली. मधे चार दिवस. 1956 ला जिल्हा फोडायचा नाही म्हणून जो तालुका इकडे राहिला, तो जिल्ह्यातून काढायला निवडणुकीचं एक वेळापत्रक पुरलं. 67 वर्षांपूर्वी याच रेघेवर जिल्हा फुटला असता तर? हा प्रश्न इथं प्रत्येक जण विचारतो, आणि उत्तराआधी बस येते.

17 नोव्हेंबरला मतदान. रांगेत उभे राहा. आता तुमचं नाव यादीत आहे, फोटोसकट, आणि केंद्राबाहेरचे फलक हिंदीत. आतल्या यंत्रावर बटण दाबलं की शेजारच्या काचेत चिठ्ठी काही सेकंद दिसते, तुम्ही कुणाला दिलं ते दाखवते आणि खाली पडते. 1951 च्या पडद्याआडच्या पेटीनं एवढी खात्री दिली नव्हती.

3 डिसेंबरचा निकाल: राज्यात भाजप 230 पैकी 163 जागा घेऊन आला. ज्या जिल्ह्याची भेट दिली होती, त्या जिल्ह्याच्या दोन्ही जागा, सौंसर आणि पांढुर्णा, काँग्रेसला. सौंसरला विजय चौरे, पांढुर्ण्याला निलेश उइके. जुन्या छिंदवाड्याच्या सातही जागा काँग्रेसच्या. लोकांनी जिल्हा घेतला आणि मत आपल्या मनानं दिलं. मग भाजपचा प्रश्न संपला असं वाटेपर्यंत 4 जून 2024 उजाडलं. लोकसभेला कमलनाथांचे चिरंजीव नकुलनाथ 1,13,618 मतांनी पडले, भाजपचे विवेक 'बंटी' साहू निवडून आले. 1980 पासूनच्या त्या घराला सार्वत्रिक निवडणुकीत या जागेनं पहिल्यांदाच नाही म्हटलं.

त्या लोकसभा मतदारसंघाचं नाव अजून छिंदवाडाच आहे. तेव्हा बोरगावच्या आजच्या मतदाराचा हिशेब असा: कलेक्टर पांढुर्ण्याला, खासदार छिंदवाड्याचा, विधानसभा भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला, आणि संत्र्याची गाडी नागपूरला, कळमन्याच्या बाजारात.